दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा

दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसाला कुणी काही विचारू नये, असा नियम कुठं लिहिलेला नाही. लिहिलेला असता तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं.

तोंडात कापसाचे दोन बोळे, ओठाच्या कडेला पाणी ओढणारी नळी आणि डोळ्यांवर दिवा, अशा अवस्थेत मिलिग्रॅम पडला होता. डॉक्टर म्हणाले, "साहेब, आपल्या क्लबला यंदा साठ वर्षं होतायत. स्मरणिका काढतोय. इतिहासाचं पान तुम्ही लिहाल ना?"

डॉक्टर नदीकाठ फुटबॉल क्लबचे सचिव होते हे खरं, पण त्या क्षणी त्यांच्या हातात ड्रिल होतं हेही तितकंच खरं. मिलिग्रॅमनं मान हलवली.

"काही नाही हो, एका रविवारचं काम. जुन्या स्मरणिकेतनं उतरवून काढायचं. दर वर्षी लीगमध्ये कितवे आलो, किती गोल केले, किती खाल्ले. वर चार ओळी मजकूर."

मिलिग्रॅम हे काही त्याचं कागदोपत्री नाव नव्हे. तो वजनमाप खात्यात निरीक्षक होता आणि दुकानांतले काटे तपासत हिंडायचा. एकदा त्यानं एका सराफाचा काटा पाच मिलिग्रॅमच्या फरकासाठी सील केला, तेव्हापासून गल्लीनं त्याचं हे बारसं केलं. तो वरवर चिडायचा, पण मनातून त्याला ते नाव आवडायचं. बायको "पाच मिनिटांत आले" म्हणाली की हा घड्याळ बघायचा, आणि साडेसहा मिनिटांनी ती आली की काही बोलायचा नाही. ते न बोलणंच जास्त लागायचं, असं तिचं म्हणणं.

घरी येऊन सुजलेल्या गालानं त्यानं ही बातमी सांगितली. बायको कपडे घड्या करत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे ते वाक्य आता तुम्ही लिहिणार," ती म्हणाली.

ते वाक्य कुठलं हे सांगायला हवं. नदीकाठ क्लब दर दहा वर्षांनी स्मरणिका काढायचा, आणि प्रत्येक स्मरणिकेत एक वाक्य जसंच्या तसं यायचं: 'शेवटच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला आमच्या गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला आणि क्लबला खालच्या गटात जावं लागलं.' नाव नसायचं. नावाची गरजच नव्हती. एकेचाळीस वर्षांपूर्वीचा तो गोलकीपर सगळ्या भागाला ठाऊक होता. तो या क्षणी मिलिग्रॅमच्याच घरात, पुढच्या खोलीत, खेळाचं पान काढून ठेवलेलं वर्तमानपत्र वाचत बसला होता. मिलिग्रॅमचे सासरे. आप्पा.

आप्पा खिडक्यांना काचा बसवायचे. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून एक काच पडली नाही. निम्म्या भागाच्या खिडक्या त्यांनी बसवलेल्या. क्लबच्या खोलीचीही खिडकी त्यांचीच, पण तीसुद्धा त्यांनी बाहेरून शिडी लावून बसवली, आत पाऊल टाकलं नाही. मैदान घरापासून दोन गल्ल्यांवर. गेली चाळीस वर्षं ते लांबच्या रस्त्यानं बाजारात जायचे. आणि घरातली एक रीत मिलिग्रॅमच्या लग्नानंतर सहा महिन्यांनी लक्षात आली होती, ती म्हणजे आप्पांकडे कुणी काही फेकायचं नाही. किल्ली असो, टॉवेल असो, उठून जाऊन हातात द्यायचा.

"शाळेत मला 'त्या गोलची पोरगी' म्हणायचे," बायको म्हणाली. "सामना झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला तो सामना आठवतसुद्धा नाही. तुम्ही काय ते लिहा. पण ते वाक्य या घरातून छापायला जाणार असेल, तर मला आधी सांगा. मी आप्पांना घेऊन दादाकडे जाते महिनाभर."

आता गालाबरोबर डोकंही ठणकायला लागलं.

सल्ले मागायला जावं लागत नाही, ते जिन्यात उभेच असतात. वरच्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले, "ते वर्षच गाळून टाका. साठातलं एक गेलं तर कुणाला कळतंय?" मिलिग्रॅमला हे ऐकून घाम फुटला. एक वर्ष गाळलेला तक्ता म्हणजे त्याच्या दृष्टीनं एक किलोचं वजन नसलेला वजनांचा संच. खाली दुकान असलेला शिंपी निराळाच. तो सूतगिरणी क्लबचा माणूस. त्या वर्षी नदीकाठ आणि सूतगिरणी यांचे गुण सारखे होते, खाली एकालाच जायचं होतं, आणि नदीकाठ गेला. शिंप्यानं त्या गोष्टीवर एकेचाळीस वर्षं मान ताठ ठेवली होती. तो टेप गळ्यात अडकवून म्हणाला, "लिहा की साहेब जे झालं ते. इतिहास आहे. त्याला काय आपण आल्टर करणार?"

मिलिग्रॅमनं शेवटी ठरवलं की लिहायचंच तर तपासून लिहायचं. जुन्या स्मरणिकेवरून नवी उतरवणं हे त्याच्या स्वभावात बसेना. दुकानदार सांगतो म्हणून काटा बरोबर, असं कधी म्हणतात का? मूळ तक्ता बघायचा. आणि खरं सांगायचं तर एक किडा त्याच्या डोक्यात शिरला होता. दोघांचे गुण सारखे, मग खाली जायचं कुणी, हे ठरवलं कसं? स्मरणिकेत त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. त्याला आता झोपेतसुद्धा ते कुतूहल चावायला लागलं.

लीगचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, जलतरणवाल्यांच्या शेजारी होतं. तिथल्या कारकूनबाईंचा चष्मा दोरीनं गळ्यात लटकायचा, आणि त्या तो डोळ्यांवर चढवण्याआधीच "फॉर्म भरा" म्हणायच्या. फॉर्मवर 'निकालपत्र कशासाठी हवे' याखाली चार चौकोन होते: तक्रार, बदली, दुखापत, मृत्यू.

"इतिहासासाठी हवंय," मिलिग्रॅम म्हणाला.

"तो चौकोन नाही."

मिलिग्रॅमनं बराच विचार करून दुखापतीवर खूण केली.

"कुणाची?" बाईंनी विचारलं.

"सासऱ्यांची."

"कधी झाली?"

"एकेचाळीस वर्षांपूर्वी."

बाईंनी आता चष्मा चढवला. "बरी नाही झाली का अजून?"

"नाही," मिलिग्रॅम म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला स्वतःलाच जरा कसंसं झालं.

बाईंचा आवाज मऊ झाला, नियम झाला नाही. दुखापत म्हटल्यावर डॉक्टरचा दाखला पाहिजे. मिलिग्रॅमच्या ओळखीचा डॉक्टर एकच. दातांच्या डॉक्टरांनी आढेवेढे घेतले. "मी जबड्याच्या वर आणि खाली काही लिहू शकत नाही, साहेब. लायसन जाईल माझं." मग आप्पांना तपासायचं ठरलं. त्यांना काहीतरी सांगून खुर्चीत बसवलं, आणि एक दाढ खरोखरच हलत होती म्हणून निदान दाखला तरी खरा निघाला. 'सदर गृहस्थ जुन्या दुखण्याने त्रस्त आहेत. जबडा.' आप्पांनी घरापर्यंतचा रस्ता जिभेनं दाढ चाचपत काढला. दारात म्हणाले, "जावईबापू, माझा दात आणि तुमची स्मरणिका यांचा काय संबंध, ते एकदा सवडीनं सांगा."

कारकूनबाईंनी दाखला दोनदा वाचला. "गोलकीपरला जबड्याला लागलं?"

"चेंडू कुठंही लागू शकतो," मिलिग्रॅम म्हणाला. तो आयुष्यात पहिल्यांदा सरकारी नसलेल्या कामासाठी खोटं बोलत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. बाईंनी शिक्का मारला. आठ दिवसांनी या म्हणाल्या. आठव्या दिवशी कपाटाची किल्ली जलतरणवाल्यांकडे होती, नवव्या दिवशी जलतरणवाले पाण्यात होते. दहाव्या दिवशी त्याच्या हातात तो कागद आला.

निळ्या शाईतला गुणतक्ता. दहा क्लब, अठरा अठरा सामने. तळाशी दोन ओळी.

त्या काळी गुण सारखे झाले की गोलांचा भागाकार करायचे. केलेले गोल भागिले खाल्लेले गोल, ज्याचं उत्तर मोठं तो वर. नदीकाठनं पंचवीस केले होते, तीस खाल्ले होते. सूतगिरणीनं एकोणतीस केले, पस्तीस खाल्ले. दोघांच्याही पुढे उत्तर लिहिलं होतं .८३. आणि त्याखाली कुणीतरी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सरासरी समान. चिठ्ठी टाकून निर्णय. नदीकाठ खाली.'

मिलिग्रॅम तिथल्या बाकावर बसला. वीस वर्षं ज्या माणसानं काटा तिसऱ्या आकड्यापर्यंत तपासला, त्याच्यासमोर दोनच आकडे ठेवले होते. ताटात वाढून ठेवलेलं अर्धंच जेवण बघावं तसा तो त्या .८३ कडे बघत राहिला. मग त्यानं दुखापतीच्या फॉर्मच्या पाठीवर भागाकार मांडला.

पंचवीस भागिले तीस. शून्य पूर्णांक आठ, तीन, तीन.

एकोणतीस भागिले पस्तीस. शून्य पूर्णांक आठ, दोन, आठ.

त्यानं पुन्हा केला. मग उलट बाजूनं गुणून पाहिला. सूतगिरणीचे त्र्याऐंशी नव्हतेच, ब्याऐंशी होते. पुढं आठ होता म्हणून लीगवाल्यांनी दोनाचे तीन केले, आणि नदीकाठच्या पुढचा तीन लहान म्हणून सोडून दिला. त्यांना वर उचललं, यांचं होतं ते खाली सांडलं, आणि म्हणाले दोघं सारखे. चिठ्ठी टाकायची गरजच नव्हती. नदीकाठ पाच सहस्रांशानं पुढे होता. हल्ली वजाबाकी करतात, ती केली तरी नदीकाठ एका गोलानं वर.

"बाई," मिलिग्रॅम म्हणाला, "हा तक्ता चुकलाय."

बाईंनी भिंतीवरचा नियम दाखवला. हरकत असल्यास सामन्यानंतर सात दिवसांत.

"पण हे गणित आहे. गणिताला कसली मुदत?"

"साहेब, आमच्याकडे सगळ्याला मुदत आहे," बाई म्हणाल्या. पण त्यांनी स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर दोन्ही भागाकार केले, चष्मा काढला, परत घातला, आणि कागद उलटा करून त्याच्यासमोर ठेवला. "मागं पण काहीतरी आहे. ते बघितलंत का?"

मागं लिहिलं होतं: 'चिठ्ठी नदीकाठच्या गोलकीपरने काढली.' खाली सही. ती सही मिलिग्रॅम रोज घरात येणाऱ्या पोस्टाच्या पावत्यांवर बघायचा.

तो घरी चालत आला. बस त्याच्या बाजूनं दोनदा गेली. त्या एका माणसाला मैदानात एकदा आणि मैदानाबाहेर एकदा, दोन्ही वेळा त्याच हातानं हरवलं होतं, आणि दुसऱ्या वेळचं घरात कुणालाच माहीत नव्हतं. मिलिग्रॅमला राग आला होता. हा राग त्याला दुकानात यायचा तसला नव्हता.

आप्पा पुढच्या खोलीत होते. बायको दारात येऊन उभी राहिली. मिलिग्रॅमनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि दोन्ही भागाकार पायरी पायरीनं करून दाखवले. आप्पांनी ते बघितले. मग पेन्सिल मागून घेतली, म्हणजे मिलिग्रॅमनं उठून त्यांच्या हातात दिली, आणि आप्पांनी स्वतः केले. काच मापणाऱ्या माणसाचा भागाकार चुकत नाही.

"म्हणजे चिठ्ठी काढायचीच नव्हती," आप्पा म्हणाले.

"नाही."

"आणि तो गोल?"

"तो झालाच. तो तिसावा गोल. तो धरूनच पंचवीस भागिले तीस. तो खाऊनसुद्धा तुम्ही वर होतात, आप्पा."

आप्पांनी पेन्सिल भागाकाराखाली आडवी ठेवली. मग म्हणाले, "चिठ्ठीला मलाच पुढं केलं सगळ्यांनी. म्हणाले, गेला तो चेंडू, आता हात बदलला असेल, जा. मीही गेलो. वाटलं, फेडून टाकू. घरी नाही सांगितलं. एक गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. दुसरी तरी आपल्यापाशी राहू दे म्हटलं."

बायको आत निघून गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला, पण भांडी सकाळीच घासून झाली होती.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण क्लब म्हटला की कमिटी आली, आणि कमिटी म्हटली की सुखासुखी काही व्हायचं नाही. मिलिग्रॅमनं बैठकीत तक्ता मांडला. डॉक्टरांनी पहिली शंका काढली की स्मरणिकेतला रकाना अरुंद आहे, तीन आकडे बसायचे नाहीत. मिलिग्रॅमनं पट्टी काढून रकाना मोजून दिला. तीन बसत होते, चार बसले असते. मग उपाध्यक्ष उभे राहिले.

हे उपाध्यक्ष दर शनिवारी क्लबचा कप पुसायचे. क्लबकडे साठ वर्षांत एकच कप. त्या घसरणीच्या पुढच्या वर्षी नदीकाठ खालच्या गटात पहिला आला आणि परत वर गेला, त्याचा.

"म्हणजे आपण खाली जायला नको होतं," उपाध्यक्ष सावकाश म्हणाले.

"नको होतं," मिलिग्रॅम आनंदानं म्हणाला.

"मग हा कप कुणाचा?"

सगळे काचेच्या कपाटाकडे बघायला लागले. मिलिग्रॅमच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला क्लबचं एकुलतं एक चकाकणारं अपत्य. एक म्हणाला, राहू द्या जुनं वाक्य, चार पिढ्यांना सवय झालीय. दुसरा म्हणाला, तिसरा आकडा तत्त्वतः मान्य करावा, पण छापू नये. डॉक्टर ठरावाचा मसुदा लिहायलाही लागले. वीस वर्षं तो दुकानदारांशी भांडला होता, पण तिथं त्याच्या हातात सील असायचं. इथं नुसती पट्टी होती.

"साहेब लोकहो," तो उभा राहून म्हणाला, "कप चुकीच्या कागदावरून मिळाला, पण खेळून मिळाला. तो कुणी नेत नाही. पण त्या वर्षी गोलमध्ये कोण उभं होतं ते विचारा की उपाध्यक्षांना."

उपाध्यक्ष खाली बसले. त्या कपाच्या वर्षी ते स्वतः संघात होते. "आप्पाच होता," ते म्हणाले. "अख्खं वर्ष खेळला. अठरा सामन्यांत पाच गोल खाल्ले त्यानं. कप घ्यायला मात्र आला नाही." मग त्यांनी कधी नव्हे ते डोळे पुसले, त्याच फडक्यानं, ज्यानं कप पुसायचे. "हे कुणी लिहिलंच नाही. आम्ही पण नाही."

ते वाक्य बदललं. साठाव्या वर्षाच्या स्मरणिकेत असं छापलं गेलं: 'लीगनं भागाकार दोन आकड्यांवर सोडल्यामुळे क्लबला खालच्या गटात जावं लागलं. पुढच्या वर्षी गोलकीपरनं अठरा सामन्यांत फक्त पाच गोल खाल्ले आणि क्लब कप घेऊन वर आला.' या वेळी गोलकीपरच्या पुढं कंसात आप्पांचं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मुद्रितं मिलिग्रॅमनं सात वेळा तपासली, तेव्हा छापखान्यानं त्याला दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली.

शिंपी एका दुपारी घरी आला आणि म्हणाला, पाच सहस्रांश म्हणजे केवढं ते दाखवा. मिलिग्रॅमनं टेपवर दाखवायचा प्रयत्न केला. टेपवर ते दिसतच नव्हतं. शिंपी टेपकडे बघत राहिला. "एवढ्याशावर मी एकेचाळीस वर्षं तोऱ्यात होतो होय," तो म्हणाला, आणि आप्पांची जुनी विजार उसवलेली होती ती मागून घेऊन गेला.

समारंभाच्या दिवशी आप्पा दोन गल्ल्या चालून मैदानावर आले. लांबच्या रस्त्यानं नाही, सरळ. बायको त्यांच्या एका बाजूला, मिलिग्रॅम दुसऱ्या बाजूला. गोलजवळ पोचल्यावर आप्पांनी खांबावर हात ठेवला आणि जाळीच्या गाठी बघितल्या, कुणी बांधल्यात कोण जाणे असा चेहरा करून. तेवढ्यात डॉक्टरांना उत्साह आला. त्यांना घरातली रीत कुठली माहीत असायला. त्यांनी हातातला चेंडू आप्पांकडे सरळ फेकला.

बायकोनं मिलिग्रॅमच्या मनगटाला इतक्या जोरात धरलं की नखं लागली.

आप्पांनी हात पुढं केले. मोठे, काचा धरलेले हात. चेंडू हातात आला, क्षणभर थांबला, आणि निसटून त्यांच्या दोन पायांमधून गोलमध्ये गेला.

आप्पा वळले, जाळीत पडलेल्या चेंडूकडे बघितलं, आणि हसायला लागले. मोठ्यानं, पोट धरून, हलणाऱ्या दाढेसकट. आपल्या बापाला असं हसताना बायकोनं कधी पाहिलं नव्हतं.

"हा मात्र माझा," आप्पा म्हणाले. "लिहून घ्या, जावईबापू."

मिलिग्रॅमनं खिशातून पेन काढलं, घड्याळ बघितलं, आणि स्मरणिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर खरोखरच लिहून घेतलं.